परवानाधारकांच्या स्वसंरक्षणार्थ गोळीबाराच्या नोंदी कशा शोधाव्यात: टेक्सास धरून पायरी-पायरीने

अमेरिकेत परवाना घेऊन कपड्यांआड पिस्तूल बाळगणाऱ्या किती लोकांनी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली? वादात हा प्रश्न हमखास येतो आणि दोन्ही बाजू आकडे पुढे करतात. प्रत्यक्षात हे सगळे एका जागी मोजणारे राष्ट्रीय खाते नाही. एफबीआयच्या आकडेवारीत परवान्याचा रकाना नाही. परवाना देणारे खाते गोळीबाराची नोंद ठेवत नाही. पोलिसांकडे दोन्ही गोष्टी असू शकतात, पण तो कागद मिळेलच असे नाही. त्यामुळे एकेक घटना घेऊन तिचे कागद जुळवत जावे लागते.

इथे टेक्सास धरले आहे. तिथला परवान्याचा कायदा १९९५चा, म्हणजे सुमारे तीस वर्षांचा माग उपलब्ध आहे. शिवाय तिथल्या माहिती कायद्याखाली अर्ज करायला त्या राज्याचा रहिवासी असावे लागत नाही, पुण्यात बसूनही अर्ज करता येतो. सगळीकडे तसे नाही. व्हर्जिनियासारखी राज्ये हा हक्क फक्त आपल्या नागरिकांना देतात आणि २०१३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आहे. राज्य निवडण्याआधी हे तपासा, नाहीतर अर्ज पहिल्याच टेबलावर अडकेल.

पायरी १: काय मोजायचे ते आधी लिहून काढा

शोध सुरू करण्याआधी अर्ध्या पानाची व्याख्या लिहा. गोळी झाडली असेल तरच घटना धरायची, की नुसते पिस्तूल दाखवून हल्लेखोर पळाला तरी? कुणी मेले असेल तरच, की जखमी आणि नेम चुकलेल्याही? मृत्यू झालेल्या घटना मोजणे त्यातल्या त्यात सोपे, कारण मृत्यूचा कागद होतोच. पिस्तूल दाखवून मिटलेल्या प्रसंगाची नोंद कित्येकदा कुठेच नसते.

मग कुणाला वगळायचे ते ठरवा. ड्यूटीवर नसलेले पोलिस आणि पगारी सुरक्षारक्षक वेगळे ठेवा. घरात झालेला गोळीबारही बाजूला काढा, कारण टेक्सासमध्ये स्वतःच्या घरात पिस्तूल ठेवायला परवाना लागत नाही. ‘घरमालकाने चोराला गोळी घातली’ या बातमीवरून परवान्याबद्दल काहीच कळत नाही. काही घटना मात्र कुंपणावरच राहतात. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासमधल्या व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये हल्लेखोराने दोघांना मारले आणि काही सेकंदांत चर्चच्या स्वयंसेवक सुरक्षा पथकातल्या माणसाने त्याला टिपले. याला परवानाधारक नागरिक म्हणायचे की रक्षक? कुठलेही उत्तर चालेल, पण ते आधी ठरलेले हवे आणि शेवटच्या ओळीपर्यंत तेच राहायला हवे.

पायरी २: कायद्याच्या तारखांचा तक्ता समोर ठेवा

ही पायरी लोक टाळतात आणि निम्म्या चुका इथेच होतात. टेक्सासपुरता तक्ता असा:

१९९६च्या सुरुवातीपासून परवाने अमलात आले, तेव्हाचे नाव ‘सीएचएल’ (कन्सील्ड हँडगन लायसन्स). १ सप्टेंबर २००७पासून स्वतःच्या गाडीत पिस्तूल लपवून ठेवायला परवान्याची गरज उरली नाही. १ जानेवारी २०१६पासून उघड्यावर बाळगण्याची मुभा आली आणि परवान्याचे नाव ‘एलटीसी’ (लायसन्स टू कॅरी) झाले. १ सप्टेंबर २०२१पासून, कायद्याने बंदी नसलेल्या २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते.

यातून दोन गोष्टी निघतात. २००७नंतर गाडीतून झालेल्या गोळीबारात ‘त्याच्याकडे पिस्तूल कायदेशीर होते’ एवढ्यावरून परवाना होता असे धरता येत नाही. आणि २०२१नंतर तर रस्त्यावरच्या घटनेतही धरता येत नाही.

ही चूक किती सहज होते ते इंडियानातल्या ग्रीनवुड पार्क मॉलच्या घटनेत दिसते. १७ जुलै २०२२ रोजी तिथल्या फूड कोर्टमध्ये हल्लेखोराने तिघांना मारले आणि २२ वर्षांच्या एका तरुणाने त्याला गोळ्या घालून थांबवले. देशभर ही घटना ‘परवानाधारकाने जीव वाचवले’ या खात्यात टाकली गेली. पण इंडियानात विनापरवाना पिस्तूल बाळगण्याचा कायदा १ जुलै २०२२ रोजी, म्हणजे जेमतेम पंधरवड्यापूर्वी लागू झाला होता आणि तो तरुण त्याच कायद्याखाली पिस्तूल बाळगून होता, असे पोलिसांनी सांगितले. दुसरा बदल वेळेचा. त्याने हल्लेखोराला दोन मिनिटांत थांबवले असे पोलिस प्रमुखांनी आधी सांगितले आणि नंतर दुरुस्त करून पंधरा सेकंद म्हटले. पहिल्या दिवसाची बातमी उतरवून घेणाऱ्याच्या तक्त्यात या दोन्ही रकान्यांत चूक राहते.

पायरी ३: घटनांची कच्ची यादी करा

तयार याद्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही, फक्त प्रत्येक यादी कशासाठी बनली आहे हे लक्षात ठेवा. ‘गन व्हायोलन्स आर्काइव्ह’ २०१३पासून बातम्या आणि पोलिसांच्या नोंदींवरून घटना टिपते आणि त्यात स्वसंरक्षणाचा वेगळा शेरा असतो. हेरिटेज फाउंडेशनची यादी २०१९पासूनची आणि फक्त स्वसंरक्षणाच्या घटनांची. व्हायोलन्स पॉलिसी सेंटर मे २००७पासून परवानाधारकांच्या हातून झालेले, पण स्वसंरक्षणात न मोडणारे मृत्यू गोळा करते आणि त्यात आत्महत्याही धरते. पहिल्या यादीची व्याप्ती मोठी, उरलेल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध टोकांच्या. तिन्हींकडून फक्त तारीख, गाव आणि बातमीचा दुवा घ्या, निष्कर्ष घेऊ नका.

जुन्या घटनांसाठी वर्तमानपत्रे चाळावी लागतात. उत्तर टेक्सास विद्यापीठाचे ‘पोर्टल टू टेक्सास हिस्ट्री’ मोफत आहे. शोधशब्द काळाप्रमाणे बदला: २०१५पर्यंत ‘सीएचएल’, पुढे ‘एलटीसी’ आणि ‘लायसन्स टू कॅरी’. दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथला शब्द शोधा. मिशिगनमध्ये ‘सीपीएल’, पेनसिल्व्हेनियात ‘एलटीसीएफ’, इलिनॉयमध्ये ‘सीसीएल’ चालतो. एकच घटना तीन वर्तमानपत्रांत तीन वेगळ्या उपनगरांच्या नावाने येते, म्हणून तारीख, वेळ आणि जवळचा चौक जुळवून दुबार नोंदी काढून टाका.

पायरी ४: पोलिसांकडे अर्ज करा

इथे पहिला अडथळा समजुतीचा असतो. १९६६चा केंद्रीय माहिती स्वातंत्र्य कायदा शहराच्या पोलिसांना किंवा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) पोलिस प्रमुखाला, म्हणजे शेरीफला, लागू होत नाही, तो फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना. आपल्याकडे २००५चा एकच माहिती अधिकार कायदा केंद्र आणि राज्य दोन्हींना लागू होतो, त्या सवयीने अर्ज करू नका. टेक्सासमध्ये अर्ज राज्याच्या सार्वजनिक माहिती कायद्याखाली, म्हणजे शासन संहितेच्या प्रकरण ५५२खाली करायचा.

अर्ज लेखी हवा आणि नेमका हवा. ‘स्वसंरक्षणाच्या सर्व घटना द्या’ असे लिहिले तर काही मिळणार नाही, कारण खात्याला नवी यादी बनवून देण्याची सक्ती नाही, हाती असलेला कागद देण्याची आहे. तारीख, अंदाजे वेळ, रस्ता आणि चौक, माहीत असल्यास केस क्रमांक लिहा, आणि हवे ते कागद नावाने मागा: घटना अहवालाचा जाहीर भाग, पूरक अहवाल, आणीबाणीच्या कॉलची संगणकीय नोंद, ९११ कॉलचे ध्वनिमुद्रण. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण हवे असेल तर तारीख व अंदाजे वेळ, नेमके ठिकाण आणि चित्रणातल्या निदान एका व्यक्तीचे नाव द्यावेच लागते. यातले एक राहिले तर अर्ज परत येतो. साध्या प्रतीला पानामागे दहा सेंट पडतात. खर्च ४० डॉलरच्या वर जाणार असेल तर खाते आधी लेखी अंदाज पाठवते. त्याला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिले नाही तर अर्ज मागे घेतला असे धरतात, म्हणून ईमेलचा स्पॅम कप्पा रोज पाहा.

आता या कामातला सगळ्यात कठीण भाग. कलम ५५२.१०८प्रमाणे, तपास संपला पण शिक्षा किंवा तत्सम निकाल लागला नाही, अशा प्रकरणाचे कागद पोलिस अडवून ठेवू शकतात. म्हणजे ज्याने खरोखर स्वसंरक्षणात गोळी झाडली आणि ज्याच्यावर खटला झालाच नाही, नेमकी त्याचीच फाइल बंद राहते. शिक्षा झालेल्याची फाइल तुलनेने सहज उघडते. मिळालेल्या कागदांवरूनच सरासरी काढणारा संशोधक त्यामुळे नकळत हरलेल्या दाव्यांकडे झुकतो. किती अर्ज नाकारले गेले आणि कुठल्या कारणाने, याचा हिशेब तक्त्यात ठेवलाच पाहिजे.

तरी हात हलवत परतायचे कारण नाही. घटनेची मूलभूत माहिती, म्हणजे पहिल्या पानावरचा मजकूर, या कलमाखालीही द्यावाच लागतो, तो नाव घेऊन मागा. कागद अडवायचा असेल तर सर्वसाधारणपणे खात्याने दहा कामकाजाच्या दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलचा (मुख्य विधी अधिकाऱ्याचा) निर्णय मागायचा असतो आणि तो निर्णय ४५ कामकाजाच्या दिवसांत यावा लागतो. तुम्हीही तिथे आपले म्हणणे पाठवू शकता. खात्याने दहा दिवसांची मुदत चुकवली तर माहिती सार्वजनिक मानली जाते आणि अडवायला ठोस कारण द्यावे लागते. म्हणून अर्ज पोचल्याची तारीख जपून ठेवा.

पायरी ५: परवाना होता का, हे स्वतंत्रपणे सिद्ध करा

परवाने देणारे खाते, सार्वजनिक सुरक्षा विभाग, एखाद्याकडे परवाना आहे की नाही हे सांगत नाही. २००७पासून ही माहिती गोपनीय आहे. फ्लोरिडातही ती गोपनीयच. विभाग दरवर्षी दोन उपयोगी गोष्टी प्रसिद्ध करतो: परवानाधारकांची वय, लिंग, पिनकोडनिहाय संख्या आणि परवानाधारकांना झालेल्या शिक्षांचा गुन्हेनिहाय तक्ता. दुसऱ्या तक्त्यात फक्त शिक्षा आहेत. निर्दोष सुटलेले, ज्यांच्यावर आरोपच ठेवला नाही ते, त्यात कुठेच नाहीत. तो तक्ता ‘स्वसंरक्षणाचा आकडा’ म्हणून वापरणे चूक आहे.

मग पुरावा उरतो तो पोलिस अहवालातला उल्लेख, अधिकाऱ्याचे जाहीर निवेदन किंवा न्यायालयातली साक्ष. परवान्याच्या रकान्यात ‘हो’ आणि ‘नाही’ पुरत नाही. ‘पोलिस कागदावरून’, ‘फक्त बातमीत’, ‘कुटुंबीयांनी किंवा वकिलाने सांगितले’ आणि ‘अज्ञात’ असे चार वेगळे शेरे ठेवा. ‘अज्ञात’ बरेच निघतील. ते तसेच राहू द्या.

पायरी ६: ग्रँड ज्युरी आणि न्यायालय

ग्रँड ज्युरी म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ. टेक्सासमध्ये तिच्यात बारा जण असतात आणि आरोप ठेवायला नऊ मते लागतात. ती मिळाली नाहीत तर त्याला ‘नो बिल’ म्हणतात. कामकाज गुप्त असते, त्यामुळे कारणे कधीच कळत नाहीत. ‘नो बिल’ म्हणजे गोळीबार न्याय्य ठरला असा निकाल नव्हे, आरोप ठेवला गेला नाही एवढेच. खुनाला टेक्सासमध्ये कालमर्यादा नाही आणि प्रकरण पुन्हा दुसऱ्या ग्रँड ज्युरीपुढे नेता येते. तक्त्यात ‘न्याय्य’ असा रकानाच करू नका. ‘आरोप नाही’, ‘नो बिल’, ‘निर्दोष’, ‘दोषी’, ‘प्रलंबित’ असे लिहा.

काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे, म्हणजे न्यायालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नाव किंवा खटला क्रमांक घालून शोधता येते. पण अटक न होता प्रकरण थेट ग्रँड ज्युरीकडे गेले आणि तिथेच संपले, तर खटला क्रमांक तयारच होत नसतो. अटक होऊन नंतर सुटलेला माणूस नोंद पुसून घेऊ शकतो, मग कालपर्यंत दिसणारी फाइल आज सापडत नाही. म्हणून जे मिळेल त्याची प्रत त्याच दिवशी तारखेसह जतन करा.

अपील न्यायालयांचे निकाल वाचायला सोपे आणि मोफत असतात, त्यामुळे त्यांचा मोह होतो. पण अपील बहुतेक शिक्षा झालेलाच करतो. निर्दोष सुटल्याविरुद्ध सरकारला अपील नाही. त्या निकालांत म्हणूनच फसलेले दावेच दिसतात. फ्लोरिडात मात्र खटल्याआधी संरक्षण मागण्याची वेगळी सुनावणी असते आणि तिथे दोन्ही प्रकारचे आदेश सापडतात.

पायरी ७: मृत्यू झाला असेल तर वैद्यकीय परीक्षकाचा अहवाल

मोठ्या काउंट्यांत मेडिकल एक्झामिनर असतो. शवविच्छेदनाचा अहवाल तपास चालू नसेल तर सहसा मिळतो, छायाचित्रे नाहीत. त्यातून जखमा किती, गोळी समोरून की पाठीमागून आणि शक्य असल्यास अंतर कळते. मृत्यूचा प्रकार ‘होमिसाइड’ लिहिलेला पाहून गोंधळू नका. दुसऱ्याच्या हातून मृत्यू, इतकाच त्याचा अर्थ. गुन्हा झाला की नाही, हे तो अहवाल ठरवत नाही.

पायरी ८: राष्ट्रीय आकड्यांशी ताडून पाहा, पण जपून

एफबीआयच्या जुन्या पूरक मनुष्यहत्या अहवालात, खाजगी नागरिकाने गंभीर गुन्हा करणाऱ्याला मारल्याची वेगळी नोंद असे. एनआयबीआरएस या घटनानिहाय नोंदींच्या नव्या पद्धतीत तिचा संकेतांक ०९सी. दोन्हींत फक्त मृत्यू धरतात आणि वर्गीकरण पोलिसांच्या तपासावरून होते, न्यायालयाच्या निकालावरून नाही. आधी खून म्हणून नोंदलेले आणि वर्षाने सुटलेले प्रकरण बहुधा तसेच राहते. १ जानेवारी २०२१ रोजी जुनी पद्धत बंद झाली, आणि त्या वर्षी न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसच्या पोलिसांचेही आकडे नव्या पद्धतीत आले नाहीत. २०२०च्या शेजारी २०२१ ठेवून ‘घट झाली’ म्हणणे चुकीचे ठरते.

मिनेसोटाचा दाखला उपयोगी आहे. तिथल्या कायद्यानेच राज्याच्या वार्षिक अहवालात परवानाधारकांनी कायदेशीर व न्याय्यपणे शस्त्र वापरल्याची, जेवढी कळेल तेवढी, माहिती देणे बंधनकारक केले आहे. तोही अहवाल स्थानिक पोलिसांनी काय कळवले यावरच अवलंबून असतो.

तक्ता तयार झाल्यावर नावे आणि घराचे पत्ते वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. प्रसिद्ध करायच्या प्रतीत घटना क्रमांक पुरतो. प्रत्येक ओळीपुढे ‘शेवटचे तपासले’ ही तारीख लिहा आणि दर सहा महिन्यांनी प्रलंबित ओळी पुन्हा उघडा. व्हाइट सेटलमेंटच्या घटनेतही ग्रँड ज्युरीचा निर्णय सप्टेंबर २०२०मध्ये, नऊ महिन्यांनी आला होता.