हाफ-लाइफ: सूत्र मागाहून, तक्ता आधी

माझं मेडिकल नाशिकच्या इंदिरानगरला. डी.फार्म.ची (फार्मसी डिप्लोमाची) मुलं ट्रेनिंगला येतात, दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की वह्या काढतात आणि फार्माकॉलॉजीत हमखास हाफ-लाइफपाशी, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळेपाशी, अडतात. ०.६९३ भागिले के (के म्हणजे औषध जाण्याच्या वेगाचा स्थिरांक), हे सगळ्यांना पाठ असतं. पण समोरच्या पेशंटच्या गोळीशी त्याचा संबंध काय, असं विचारलं की गप्प. म्हणून मी सूत्राला हातच लावू देत नाही, आधी तक्ता मांडायला लावते.

दोन रकाने आखा. डावीकडे किती हाफ-लाइफ गेल्या, उजवीकडे रक्तात किती टक्के औषध उरलं. ०ला १००, मग ५०, २५, १२.५, ६.२५ आणि पाचव्याला जेमतेम ३. दर खेपेला उरलेल्यातलं निम्मं जातं, ठरावीक मिलिग्रॅम नाही. हीच फर्स्ट ऑर्डर, आणि बहुतेक औषधं नेहमीच्या डोसला अशीच जातात. आता हाच तक्ता उलटा वाचा: रोज तोच डोस चालू ठेवला तर पातळी पहिल्या हाफ-लाइफला शेवटच्या स्थिर पातळीच्या ५० टक्के चढते, मग ७५, ८७.५, आणि चार-पाच हाफ-लाइफमध्ये स्टेडी स्टेट, म्हणजे ती स्थिर पातळी. डोस दुप्पट केला तर पातळी दुप्पट होते, पण तिथं पोचायला वेळ तेवढाच लागतो.

काउंटरवर हे रोज लागतं. "ताई, बीपीची गोळी घेऊन दोन दिवस झाले, बीपी तेवढंच आहे. दोन घेऊ का?" गोळी अम्लोडिपिन. हाफ-लाइफ ३० ते ५० तास, म्हणजे पातळी स्थिरावायला सात-आठ दिवस तरी हवेत. "काका, अजून पूर्ण चढलीच नाहीये. दोन घेऊ नका, आठवडा जाऊ द्या आणि मग डॉक्टरांना दाखवा," एवढं ठामपणे सांगता आलं पाहिजे. थायरॉईडच्या गोळीची हाफ-लाइफ साधारण सात दिवस. पाच हाफ-लाइफ म्हणजे ३५ दिवस. डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) सहा आठवड्यांनी का करायला सांगतात, ते इथं कळतं.

आता गणित. ५०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं; २ तासांनी रक्तात १६ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ६ तासांनी ४. सोळाचे आठ, आठाचे चार: चार तासांत दोन हाफ-लाइफ, म्हणजे एक २ तासांची. तशीच मागे जा, शून्य वेळेला ३२. व्हीडी (औषध शरीरात किती लिटरमध्ये पसरलंय असं भासतं ते) म्हणजे ५०० भागिले ३२, सुमारे १५.६ लिटर. के आला ०.६९३ भागिले २, म्हणजे ०.३४७, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे क्लिअरन्स (तासाला किती लिटर औषधापासून साफ होतं ते), तासाला ५.४ लिटर. आकडे इतके सरळ नसले की सेमी-लॉग पेपर (पातळीची बाजू लॉगच्या मापाची असलेला आलेखाचा कागद) घ्या. सरळ रेघ आली तर फर्स्ट ऑर्डर.

हाफ-लाइफ ही व्हीडी आणि क्लिअरन्सच्या जोडीतून निघते, हे मात्र विसरू नका. लोडिंग डोस (पातळी लगेच चढवणारा पहिला मोठा डोस) व्हीडीवरून काढायचा, रोजचा डोस क्लिअरन्सवरून. किडनी थकली की क्लिअरन्स घटतो: डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची हाफ-लाइफ एरवी दीड-दोन दिवस, किडनी जवळपास बंद असेल तर चार-पाच दिवसांवर जाते.

तक्ता जिथं चालत नाही ती जागा सगळ्यात महत्त्वाची. फेनिटॉइन, फिटची गोळी. त्र्यंबकेश्वरला दर्शनाची रांग कितीही लांब असो, गाभाऱ्यापुढून तासाला ठरावीकच माणसं सरकतात. लिव्हरमधल्या एन्झाइमचं तसंच होतं. ती भरली की औषध टक्क्यांनी नाही, ठरावीक वेगाने जातं आणि कारभार झिरो ऑर्डरकडे झुकतो. वहीत करून बघा: व्हीमॅक्स (एन्झाइम जास्तीत जास्त किती औषध काढू शकतात) दिवसाला ५०० मिलिग्रॅम आणि केएम (ज्या पातळीला ती निम्म्या वेगाने काम करतात) ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली धरा. पातळी म्हणजे केएम गुणिले डोस, भागिले व्हीमॅक्स उणे डोस. ३०० मिलिग्रॅमला पातळी ७.५. ४००ला २०. ४५०ला ४५! हवी असते १० ते २०. वीसच्या वर डोळे थरथरतात, तिसाच्या वर चालताना तोल जातो. डोसमधल्या थोड्या फरकानेही पातळी अशी उसळते, म्हणून गोळे कॉलनीतून (नाशिकचा औषधांचा ठोक बाजार) नेहमीचा ब्रँड आला नाही, तर फिटच्या पेशंटच्या हातात दुसरा ब्रँड ठेवू नका. आधी डॉक्टरांना फोन. दारूही अशीच जाते. कॉफी पाजा, लिंबू चोखायला द्या, तिचा वेग वाढत नाही.

आणि औषध रक्तातून गेलं म्हणजे परिणाम संपला, असं समजू नका. अ‍ॅस्पिरिनची हाफ-लाइफ १५-२० मिनिटं, पण प्लेटलेट (रक्त गोठवणारी पेशी) एकदा निकामी झाली की तिच्या आयुष्यभरासाठी, ७ ते १० दिवस. दात काढायला निघालेला पेशंट "कालच गोळी बंद केली" म्हणाला तर तेवढ्यावर जाऊ नका, आणि हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करायलाही सांगू नका. डेंटिस्ट आणि हार्टचे डॉक्टर, दोघांना विचारूनच ठरवायचं.

सरावाला एक: पातळी ८०, हाफ-लाइफ ६ तास, ५ वर यायला किती वेळ? कॅल्क्युलेटर नको. ८०, ४०, २०, १०, ५: चार हाफ-लाइफ, २४ तास.