मराठवाड्यातल्या गोऱ्या कबरींवरून स्कॉटिश घराण्याचा माग कसा काढावा

कबरीच्या दगडावर सगळ्यात मोठ्या अक्षरात नाव असतं, आणि शोधात सगळ्यात आधी दगा देतं तेही नावच. ७८वी हायलँडर्स पलटण १७९३ साली उत्तर स्कॉटलंडच्या रॉस-शायर भागातून उभी राहिली. त्या भागात मॅकेन्झी आडनाव इतकं पसरलेलं आहे की नुसतं ‘जॉन मॅकेन्झी’ हाती लागून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आधी पलटण बघा, मग मृत्यूची तारीख, मग वय कसं लिहिलंय ते, आणि दगड कोणी बसवला ती शेवटची ओळ. नाव त्यानंतर.

मराठवाड्यात अशा कबरी जुन्या छावण्यांच्या गावांत शोधाव्यात: जालना, औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर), हिंगोली, आणि त्या काळी मोमिनाबाद म्हणून ओळखलं जाणारं अंबाजोगाई. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठ्यांत झालेल्या लढाईत इंग्रजांकडून ७४वी आणि ७८वी या दोन्ही स्कॉटिश पलटणी होत्या, आणि ७४वीचे जवळजवळ सगळे अधिकारी तिथे ठार किंवा जखमी झाले. पण साध्या शिपायाला त्या काळी दगड क्वचितच मिळे. असईत पडलेला शिपाई शोधायचा असेल तर शेतं धुंडाळू नका. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली पलटणीची हजेरीपत्रकं बघा. जालन्यात लष्कराखेरीज दुसरा धागा मिशनचा आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. मिशनच्या माणसांचा शोध पलटणीच्या कागदांत लागणार नाही, त्यासाठी एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले मिशनचे कागद लागतात.

जागेची मालकी आधी विचारून घ्या. चर्च, छावणी मंडळ, लष्कर, नगरपालिका, यांपैकी कोणाचीही असू शकते. लेखी परवानगी खिशात असू द्या. लष्करी हद्दीत तिच्याशिवाय कॅमेरा काढू नका. दिवस डिसेंबर-जानेवारीचे निवडा. पावसाळ्यानंतर गाजर गवत कमरेएवढं असतं, ते अंगाला लागून खाज सुटते. त्यात घोणस आणि फुरशाचं भय. पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट, हातात काठी, आणि कोसळलेल्या चौथऱ्याच्या फटीत हात घालायचा नाही.

आता वाचन. इथे घाई केली की दगड कायमचा जातो. आपल्याकडच्या जुन्या कबरींचा चौथरा बहुधा विटा-चुन्याचा किंवा काळ्या दगडाचा असतो आणि अक्षरांची पाटी वेगळी बसवलेली असते, पुष्कळदा संगमरवराची. आधी बोटाच्या सांध्याने हलकेच टकटक करा. पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे सुटलेले दिसले तर हात न लावता फक्त फोटो काढा. पाटी घट्ट असेल तर पाच लिटरच्या फवाऱ्यात साधं पाणी आणि रंगकामाचा मऊ ब्रश पुरतो. खालून वर ओलं करत जा, नाहीतर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात. दगडफूल बांबूच्या काडीने सोडवा. चुन्याच्या गिलाव्यावर पाणी मारू नका. तारेचा ब्रश, धुण्याची पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड तर लांबच ठेवा: संगमरवर ॲसिडमध्ये विरघळतो, वर फेस दिसतो ती अक्षरंच जात असतात. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेलही चोळू नका. खडूचे कण छिद्रांत बसतात आणि तेलावर धूळ धरते.

त्याऐवजी उजेड वापरा. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर तिरपं ऊन पडलं की झिजलेल्या खाचांत सावली भरते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेल्या पाटीवर ऊन येतच नाही. तिथे दीड-दोन फुटी आरसा घेऊन जोडीदाराने बाजूने कवडसा टाकावा. शिशाची अक्षरं उखडून नेलेली असली तरी निराश होऊ नका. प्रत्येक अक्षर धरून ठेवणारी बारीक भोकं मागे उरतात. जवळून फोटो काढा, कागदावर मोठा छापा आणि भोकं पेन्सिलीने जोडा. बऱ्याचदा पूर्ण शब्द उभा राहतो.

मजकूर ओळ न् ओळ, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाज भरू नका. १ आणि ७, ३ आणि ८ हे इंग्रजी आकडे झिजल्यावर सारखे दिसतात, तेव्हा दोन्ही शक्यता लिहून ठेवा. फाटकापासून तीस मीटरच्या टेपने अंतर मोजून रांग आणि क्रमांक नकाशावर टाका.

वयाची ओळ फार फसवते. ‘३४व्या वर्षात’ असं असेल तर माणसाची ३३ वर्षं पुरी झालेली होती; जन्माचं साल एका वर्षाने चुकतं ते इथेच. ‘एच.ई.आय.सी.एस.’ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी, ‘एम.एन.आय.’ म्हणजे मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्री, आणि पलटणीआधी ‘एच.एम.’ असेल तर ती कंपनीची नव्हे, थेट ब्रिटनच्या राजाची फौज. कंपनीचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, राजाच्या फौजेचे क्यूला. ‘एन.बी.’ दिसलं तर आनंद माना: नॉर्थ ब्रिटन, म्हणजे स्कॉटलंड. ‘सोबतच्या अधिकाऱ्यांनी उभारली’ असं असेल तर घरचं माणूस बहुधा इथे नव्हतं. अशा माणसाचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी ब्रिटिश लायब्ररीत एल/एजी/३४ या मालिकेत शोधा. वारसाचं नाव पुष्कळदा तिथे मिळतं.

दफनाची नोंद ब्रिटिश लायब्ररीच्या चर्चविषयक नोंदींत असते: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. जालना आज महाराष्ट्रात आहे म्हणून मुंबईच्या नोंदी चाळण्याची चूक सर्रास होते. इथली फौज मुख्यतः मद्रासशी जोडलेली होती, म्हणून आधी एन/२ बघा. हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेली पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, हिच्यातले अधिकारी मात्र वेगवेगळ्या इलाख्यांतून आलेले असत, त्यांच्यासाठी तिन्ही बघावे लागतात. दगडावरची आणि नोंदीतली तारीख जुळत नसेल तर नोंदीवर भिस्त ठेवा. उन्हामुळे दफन त्याच किंवा दुसऱ्या दिवशी होई. दगड पुष्कळदा महिन्यांनी, आठवणीवरून कोरला जाई.

शेवटचा टप्पा स्कॉटलंडचा. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर सूची फुकट बघता येते, मूळ पानासाठी पैसे पडतात. जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद १ जानेवारी १८५५ पासून. त्याआधी पॅरिशच्या (एकेका चर्चच्या हद्दीच्या) वह्या, आणि त्यांत दफनाच्या नोंदी विरळच. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फ्री चर्च फुटून निघालं, तेव्हा त्यानंतरचा बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत नसेल तर फ्री चर्चच्या नोंदींत बघा. नावं लवचीक ठेवा: जेसी आणि जॅनेट एकच बाई असू शकते, डोनाल्ड आणि डॅनियल एकच पुरुष. स्कॉटिश बायकांचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही कागदोपत्री चालू राहतं; दगडावर ते असेल तर अर्धं काम झालं. थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, अशी जुनी रीत आहे. ती खुणेपुरती धरा, पुरावा म्हणून नको.

भारतात मेलेला माणूस तिथल्या पॅरिशच्या मृत्युनोंदीत सापडायचा नाही. त्याचा घरीच राहिलेला भाऊ किंवा बहीण १८५५ नंतर वारली असेल तर त्या नोंदीत आई आणि वडील दोघांची नावं असतात, तीच याचीही. मालमत्तेचे कागद शोधायचे तर परदेशी मेलेल्या स्कॉटिश माणसासाठी त्याच्या गावच्या नाही, एडिंबरोच्या न्यायालयाचे बघा. आणि आईवडिलांची गावाकडची कबर जरूर पाहा, कारण तिकडे दगडावर दूरदेशी मेलेल्या मुलाचीही ओळ कोरण्याची पद्धत होती. शोधताना जुनी स्पेलिंगं घाला: जालन्यासाठी जे-ए-यू-एल-एन-ए-एच, आणि हिंगोलीच्या शेवटी आयऐवजी दोन ई.