जुना फोर-बाय-फोर ट्रक चालता करताना या चुका टाळा : गंज दिसू द्या, वाढू देऊ नका

जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घ्यायचा आणि त्याचं उन्हापावसात रापलेलं रूप तसंच ठेवून तो चालता करायचा, असं ठरवणाऱ्यांत मला दोन जाती दिसतात. पहिली जात पहिल्याच सुट्टीला प्रेशर वॉशर घेऊन ते रूपच धुऊन टाकते. दुसरी "सगळं ओरिजिनल आहे" म्हणत ब्रेकसुद्धा ओरिजिनल ठेवते. मी दोन्ही जातींत राहून आलोय, त्यामुळे जरा चिडका सूर लागला तर चालवून घ्या.

सुरुवातीलाच एक फरक डोक्यात बसवा. बॉनेट आणि टप यांवरचा रंग उन्हाने उडतो, खालचा प्रायमर दिसतो, मग मधेमधे उघडा पत्रा तपकिरी होतो. ही परत पातळ आणि घट्ट असते, कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं फारशी पुढे सरकत नाही. जपायची ती ही. चेसिसच्या पोकळीत, दाराच्या खालच्या दुमडीत, केबिनच्या तळाच्या कोपऱ्यांत चिखल साचून पापुद्रे सुटणारा गंज मात्र पत्रा खातो. हातोडीने ठोकत जा, आवाज बद्द झाला की पेचकस टोचून बघा. आत घुसला तर तिथे जपण्यासारखं काही उरलेलं नाही, कापून नवा पत्रा जोडा. १९४७ साली आलेला विलिजचा ट्रक असो की डॉजची पॉवर वॅगन, हा नियम एकच. जुन्या लँड रोव्हरची गोष्ट थोडी निराळी. तिच्या बॉडीचे बरेचसे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, म्हणून लाल गंज दिसत नाही आणि लोक निर्धास्त राहतात. पण पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओल धरली की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. खालची पोलादी चेसिस कुजते ती वेगळीच.

घासू नका. खरंच घासू नका.

ही चूक माझी स्वतःची, म्हणून सविस्तर सांगतो.

माझ्या ट्रकच्या दोन्ही दारांवर पूर्वीच्या मालकाचं नाव रंगाऱ्याने हाताने रंगवलेलं होतं. अक्षरांचा रंग कधीच झडून गेला होता. तरी नाव वाचता यायचं, कारण अक्षरांखालच्या हिरव्या रंगाला ऊन लागलंच नव्हतं. आजूबाजूचा हिरवा विटून खडूसारखा फिका झालेला आणि अक्षरांच्या जागी तोच हिरवा गडद. सकाळच्या तिरप्या उजेडात फारच सुरेख दिसायचं. मला वाटलं, थोडं कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) फिरवलं तर आणखी उठून दिसेल. उजव्या दारावर फडकं गोल गोल फिरवलं. पाच मिनिटांत दार चमकायला लागलं आणि नाव गेलं. कंपाउंडने विटलेला थर काढला आणि खालचा हिरवा सगळीकडे सारखा झाला. फडक्यावर हिरवट पांढरी पूड होती. ती पूड म्हणजेच ते नाव, हे मला हात धुताना कळलं.

ते परत आणता येत नाही. नवा रंग आणता येतो, इंजिन परत बांधता येतं, पण पन्नास वर्षांचं ऊन कुठे विकत मिळत नाही.

त्यामुळे आता माझी पद्धत अशी : आधी चारही बाजूंचे फोटो. मग साधं पाणी, भांड्यांचा नव्हे तर गाडी धुवायचा सौम्य साबण, मऊ स्पंज, आणि हात वरून खाली. प्रेशर वॉशर फक्त चेसिसखाली, चाकांच्या कमानीत आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर. सुटत आलेल्या पोपड्याच्या कडेला त्याची धार लागली की पोपडा गेलाच म्हणून समजा. डांबराचा किंवा ग्रीसचा डाग असेल तर रॉकेलचा बोळा, तोही आधी सीटमागच्या एखाद्या न दिसणाऱ्या जागी लावून बघून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडा पॉलिश पेपर तसाही नकोच.

क्लिअर कोट

"वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, मारा, सगळं लॉक होतं." हे वाक्य मला कुणी परत ऐकवू नये. एका ओळखीच्या माणसाने टप आणि बॉनेटला चकचकीत क्लिअर मारून घेतला. पहिला महिनाभर ट्रक लॅमिनेट केलेल्या फोटोसारखा दिसत होता, आणि तेच मुळात वाईट होतं. एक पावसाळा गेल्यावर थराखाली दुधी डाग आले, मग गंजाच्या बारीक नागमोडी रेघा पसरल्या, मग क्लिअर पापडासारखा सुटला आणि सुटताना खालचा जुना रंगही घेऊन गेला. गंजक्या पत्र्यात ओल आणि क्षार मुरलेले असतात. त्यावर झाकण घातलं की ते आत काम करत राहतात, आणि तुम्हाला आत हात घालता येत नाही.

मी मेण लावतो. दोन दिवस पूर्ण वाळल्यावर पातळ थर, दर काही महिन्यांनी परत. काही जण उकळलेलं जवसाचं तेल लावतात. रंग छान खोल दिसतो, पण थर जाड झाला तर आठवडाभर चिकट राहतो आणि सगळी धूळ त्यावर बसते. लावायचंच असेल तर लावून लगेच पुसून काढा. आणि त्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि खरोखर पेटतात. सुटी पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

गंज काळा करणारं रसायन, म्हणजे फॉस्फरिक ॲसिडवालं, चेसिसला उत्तम. दिसणाऱ्या पत्र्यावर लावलंत तर तपकिरी छटा जाऊन काळपट राखाडी डाग राहतो. सँडब्लास्टिंगबद्दल बोलायलाही नको. रूप तर जातंच, वर पातळ पत्रा वाकडाही होतो.

पुढचं-मागचं जुळतं का, न बघता फोर-व्हील टाकणं

या जुन्या ट्रकांत बहुधा मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतो. फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा जॉइंट (ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट) एकाच वेगाने फिरायला बांधला जातो. चिखलात चाकं घसरून हिशेब चुकता करतात, कोरड्या कडक रस्त्यावर तो ताण जायला जागा नसते. इतकं बऱ्याच जणांना माहीत असतं. मधल्या वर्षांत कुणीतरी एक ॲक्सल बदललेला असू शकतो, हे मात्र कुणी तपासत नाही.

एका मित्राचा ट्रक असाच. टू-व्हीलमध्ये लोण्यासारखा चालायचा. मोठ्या कौतुकाने त्याने कडक जमिनीवर फोर-व्हील टाकलं. पन्नास पावलं गेला नसेल, स्टिअरिंग जड झालं, टायर किंचाळले. त्याला वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून त्याने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. खाड्कन आवाज आला आणि पुढच्या जॉइंटचा क्रॉस तुटून खाली लोंबला. मोजलं तेव्हा मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे जॉइंटचे फेरे, ५.३८ आणि पुढचा ४.८८. दहा टक्क्यांचा फरक. हा मोजायला वीस मिनिटं लागतात, आणि नेमकी तेवढीच वीस मिनिटं कुणाकडे नसतात.

मोजायचं असं : गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या जॉइंटला ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलला, तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, आणि चौथं चाक जॅकने उचलून स्टँडवर. चाकावर आणि जॉइंटवर खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा, जॉइंटचे फेरे मोजा. साडेपाचच्या जरा आत म्हणजे ५.३८, पाचाला थोडे कमी म्हणजे ४.८८. मग हेच दुसऱ्या ॲक्सलला. ओंडके "हँडब्रेक आहे की" म्हणून टाळू नका. विलिज आणि जुन्या लँड रोव्हरसारख्या बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे जॉइंटला असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे तो ब्रेक निरुपयोगी होतो आणि ट्रक सरकतो. शिवाय मोजताना तो सोडावाच लागतो, नाहीतर जॉइंट फिरणार नाही.

पुढे-मागे वेगळ्या मापाचे, किंवा एकीकडे नवे आणि एकीकडे झिजलेले टायर घातले तरी तोच ताण येतो, फक्त सावकाश.

बाकीच्या चुका, भराभर

जाम इंजिन गाडी ओढून सुरू करणं. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल घाला, आठवडाभर रोज पान्याने हलकेच हलवून बघा. घाई झाली असेल तर दुसरा छंद बघा.

ब्रेकच्या डबीतली (ड्रममधली) धूळ हवेने उडवणं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेकचा रबरी पाइप बाहेरून चांगला दिसतो म्हणून ठेवून देणं. तो आतून सुजतो, पाय काढला तरी चाक धरून राहतं. यातल्या बहुतेक ट्रकांना ब्रेकचं एकच सर्किट असतं, एका जागी गळलं की पेडल सरळ तळाला. सिलिंडर, पाइप, नळ्या सगळं नवं घाला. ते कुणाला दिसतही नाही, त्यामुळे रूपाचा प्रश्नच येत नाही.

सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टची बारीक केबल घालणं, आणि मग स्टार्टर रडतो म्हणून बॅटरीला दोष देणं. व्होल्ट निम्मे म्हणजे करंट दुप्पट, केबल जाड हवी.

पितळी सिंक्रो (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली कडी) असलेल्या गिअरबॉक्समध्ये "जास्त चांगलं" म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर तेल ओतणं. जीएल-४ घाला.

नव्या पत्र्याला मीठ-व्हिनेगर मारून खोटं म्हातारपण आणणं. बहुतेक वेळा फसतं, कारण लोक सगळीकडे सारखा गंज आणतात. खरी झीज जिथे कोपर टेकतं, बूट लागतो, पाणी ओघळतं तिथेच असते. मी जोड मॅट रंगाने जवळपास जुळवतो आणि ओळखू येऊ देतो.

आणि शेवटचं, रिंगवाली चाकं, म्हणजे ज्यांत टायर वेगळ्या पोलादी लॉक रिंगने जागेवर धरलेला असतो. टायर जुन्या रूपाला शोभतो म्हणून ठेवू नका. बाजूला चार आकडे छापलेले असतील तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार आकडे नसतील तर टायर २००० सालाच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. पण बदलताना ती लॉक रिंग गंजलेली असेल आणि हवा भरताना सुटली, तर समोरच्या माणसाचा जीव जातो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, आणि भरायचं काम पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच द्या. बाकी सगळं मी स्वतः करतो, हे करत नाही.