तारा वाकडा, माळ बंद, गवत पिवळं: नाताळच्या सजावटीतल्या या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की वसईत पापडीपासून आगाशीपर्यंत घरोघरी बांबूच्या कामट्या, गोणपाटं आणि वायरींची भेंडोळी बाहेर निघतात. मुंबईतली जुनी गावठाणं असोत की गोव्यातले वाडे, चित्र साधारण हेच. सजावटीत दरवर्षी जे बिघडतं, त्यातलं बरंचसं एकाच सवयीमुळे बिघडतं: 23 तारखेच्या रात्री सगळं एकदम उभं करायचं आणि 26ला सकाळी एकदम उतरवायचं. नाताळच्या प्रत्येक वस्तूला आपापला वेळ लागतो. धान्य दोन आठवडे आधी पेरावं लागतं, गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, माती तीन-चार दिवस वाळावी लागते, बाळ येशू मध्यरात्री गव्हाणीत येतो आणि त्याला भेटी घेऊन येणारे तीन राजे तर जानेवारीत पोचतात.

तारा एका बाजूला का झुकतो

घरी केलेल्या ताऱ्याची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे त्याची पाच टोकं सारखी येत नाहीत. बांधताना कामट्या नजरेने एकमेकींवर टाकल्या जातात, तिथेच घात होतो. पाच कामट्या नेमक्या एकाच लांबीच्या कापा आणि बांधायच्या आधीच प्रत्येकीवर दोन खुणा करा. कामटी 100 सेंटीमीटरची असेल तर दोन्ही टोकांपासून 38.2 सेंटीमीटरवर, 36 इंचांची असेल तर पावणेचौदा इंचांवर. आधी टोकं बांधून घ्या, मग खुणेवर खूण आणून गाठी मारा. पाच टोकांच्या ताऱ्याची भूमितीच अशी आहे की कामट्या याच जागी एकमेकींना छेदतात. खुणा जुळल्या की तारा वाकडा होऊच शकत नाही.

दुसरी चूक विणीची. प्रत्येक कामटी एका खुणेवर दुसरीच्या वरून आणि दुसऱ्या खुणेवर तिसरीच्या खालून गेली पाहिजे. एखादी कामटी दोन्हीकडे वरच राहिली तर सांगाडा पिळतो आणि टेबलावर ठेवला की डुगडुगतो.

असे दोन सपाट तारे तयार झाले की त्यांची फक्त पाच टोकं एकमेकांना बांधायची आणि मधल्या पाच छेदांवर आखूड काड्या घालून दोन्ही तारे फुगवायचे. 36 इंची कामटीला आठ-नऊ इंचांची काडी पुरते. या पाच काड्या शेवटी घाला आणि पाचही तंतोतंत एका मापाच्या ठेवा. अर्ध्या इंचाचा फरकही दिवा लागल्यावर लगेच दिसतो.

कागद चिकटवायला मैद्याची खळ उत्तम, पण ओल्या खळीला झुरळं लागतात. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, तोच उपाय इथे चालतो. मात्र मोरचूद विषारी आहे. त्या खळीत मुलांचे हात जाऊ देऊ नका आणि भांडं स्वयंपाकाचं वापरू नका. कागद लावलेला तारा रात्रभर घरात वाळू द्या. ओला टांगला तर दवाने कागद सैल पडतो आणि पतंगी कागद असेल तर रंग ओघळतो. बाहेरच्या ताऱ्याला जाड जिलेटीन कागदच घ्या.

आत 60 वॅटचा जुना बल्ब अजिबात नको. तो खातो त्यातल्या बहुतेक विजेची उष्णताच होते, आणि कागद त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो. 7 वॅटचा एलईडी भरपूर झाला. होल्डर वायरीला लोंबकळत न ठेवता सांगाड्याला घट्ट बांधा. ताऱ्याच्या खालच्या दोन टोकांना दोरी बांधून ती कठड्याला अडकवा. हे दहा मिनिटांचं काम टाळलं की वाऱ्याने तारा गरगर फिरतो, वायर पिळत जाते आणि चौथ्या-पाचव्या रात्री होल्डरपाशी तुटते. मग सगळे बल्ब बदलत बसतात, दोष वायरीत असतो.

माळ लागत नाही तेव्हा

नाताळच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते 1882 साली, न्यूयॉर्कमध्ये, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने. लाल, पांढरे आणि निळे मिळून 80 दिवे होते. दिवे बदलले तरी माळ बंद पडल्यावर घरोघरी होणारी पहिली चूक अजून तीच आहे: पिन बोर्डातच ठेवून एकेक दिवा हाताने हलवत बसणं.

हे करू नका. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त माळांमध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. डबीत बहुधा फक्त लुकलुकीचं सर्किट असतं आणि घरची 230 व्होल्टची लाइन थेट दिव्यांच्या रांगेत जाते. दिवा इवलासा दिसला तरी त्याच्या उघड्या तारेला हात लागला तर झटका घरच्या लाइनचाच बसतो. आधी पिन काढा. मग पाहा की अख्खी माळ बंद आहे की एक तुकडा.

अख्खी माळ बंद असेल तर दोष बहुधा पिनेत, डबीत किंवा पिनेजवळ वारंवार वाकलेल्या वायरीत असतो. एकच तुकडा किंवा एकच रंग बंद असेल तर त्या रांगेतला एखादा दिवा गेलाय, किंवा त्याचा पाय गंजून तुटलाय. या रांगा एकापाठोपाठ जोडलेल्या असतात, त्यामुळे एक तुटला की सगळी रांग थांबते. बदलताना त्याच रंगाचा एलईडी घ्या आणि लांब पाय काढलेल्या दिव्याच्या लांब पायाच्याच जागी येऊ द्या. उलटा लावलेला एलईडी वीज पुढे जाऊ देत नाही. नवा दिवा घालूनही रांग लागली नाही, तर आधी हेच तपासा.

गेलेला दिवा कापून वायरीचे दोन तुकडे सरळ जोडून टाकायची युक्ती पुष्कळ घरांत चालते. ती धोक्याची का, ते जुन्या बल्बच्या माळेवरून सहज कळेल. 230 व्होल्ट 50 बल्बांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 4.6 व्होल्ट येतात. दहा बल्ब काढून टाकले की उरलेल्यांना पावणेसहा व्होल्ट सोसावे लागतात. मग ते भराभर जाऊ लागतात आणि माळ दरवर्षी आखूड होत जाते. दोन-चार जोड दिल्यावर ती माळ टाकून द्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक तक्रार वसई-विरारच्या पट्ट्यात दरवर्षी ऐकू येते: संध्याकाळी सगळं नीट चालतं आणि पहाटे दोन-तीन वाजता घराचा ईएलसीबी, म्हणजे वीज झिरपली की लाइन तोडणारा स्विच, पडतो. इलेक्ट्रिशियन सकाळी येतो तेव्हा काही सापडत नाही. कारण असतं दव. रात्री गच्चीवरच्या जोडात ओल शिरते, थोडी वीज तिथून बाहेर झिरपते आणि ईएलसीबी आपलं काम करतो. सकाळी ऊन आलं की जोड सुकतो. यावर ईएलसीबी बाजूला काढून थेट जोडणी करणं हा जीवघेणा उपाय आहे. बाहेरचे जोड शोधा आणि सेलोटेप काढून इन्सुलेशन टेप लावा. दोन वायरींचे जोड शेजारी शेजारी येऊ देऊ नका. बोर्ड छपराखाली घ्या. वायर खिडकीतून आत घेताना आधी थोडी खाली झोळ सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, बोर्डापर्यंत येणार नाही.

गोठा: घाई इथे सगळ्यात महागात पडते

गोठ्याची प्रथा आली 1223 साली. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो गावी नाताळच्या रात्री गव्हाण, गवत, खराखुरा बैल आणि गाढव आणून बेथलेहेमचा देखावा उभा केला. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, जन्माच्या वर्णनात बैल-गाढवाचा उल्लेख नाही. ते आले यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायामुळे, जिथे बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखतं.

डोंगरासाठी गोणपाट चिखलाच्या काल्यात बुडवून विटांवर किंवा खोक्यांवर टाकतात. वरून तो एका दिवसात वाळलेला दिसतो, आतून ओलाच असतो. त्यावर लगेच मूर्ती मांडल्या तर प्लास्टर ऑफ पॅरिस खालून ओल ओढून घेतं आणि नवीन वर्ष येईपर्यंत योसेफाच्या झग्याचा रंग पोपडे धरतो. डोंगर 18-19 तारखेला करा, तीन-चार उन्हं दाखवा, मगच मूर्ती ठेवा. तळ्यात खरं पाणी भरायचा मोह मुलांना होतो. आरशाचा तुकडा ठेवून कडेने वाळू टाकली तर तळं जास्त खरं दिसतं.

हिरवळीला गहू, भात किंवा नाचणी पेरतात. सहा इंची मूर्ती असतील तर माझी पसंती नाचणीला, कारण तिचं पातं बारीक आणि ठेंगणं असतं. गहू झपाट्याने वाढतो आणि 25 तारखेला मेंढपाळ उसाच्या फडात हरवल्यासारखे दिसतात. गहू पेरायचाच तर 15च्या सुमारास, नाचणी 11-12ला. बी रात्रभर भिजवा, दोन बोटं मातीवर पसरा आणि पहिले दोन दिवसच झाका. पुढे झाकण काढलं नाही तर रोपं प्रकाश शोधत लांबतात आणि पिवळी पडून लोळतात. पिवळेपणा म्हणजे खत कमी पडलं असं समजून खत घालू नका, ट्रे उन्हात ठेवा. दोन दिवसांत रंग येतो.

तिसऱ्या दिवशी मुळांशी पांढरं लवदार काही दिसलं की बुरशी आली म्हणून लोक ट्रे उलटा करतात. थांबा. वरून पाणी शिंपडा. लव दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच बारीक केसं आहेत, रोप अगदी निरोगी आहे. लव तशीच राहिली आणि कुबट वास आला तरच बुरशी. गहू फार वाढला असेल तर 23ला कात्रीने कापा. गवताचं पातं बुडातून वाढतं, त्यामुळे कापल्याने काही बिघडत नाही.

गोठ्यात खरी मेणबत्ती कधीही लावू नका. पेंढा, कापूस, कागद, गोणपाट, सगळं पेट घेणारं एकाच जागी असतं. थर्माकोल तर वितळून ठिबकतो आणि सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदीही आहे. कापसाचा बर्फ मात्र अगदीच चुकीचा नाही. बेथलेहेम साडेसातशे मीटरांहून उंच आहे आणि हिवाळ्यात तिथे कधीमधी बर्फ पडतो. फक्त तो दिव्यांपासून लांब ठेवा.

आता क्रमाची चूक. पुष्कळ घरांत मूर्तींचा खोका उघडला की सगळे एकदम मांडले जातात, बाळासकट. 24च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवा. मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतल्यावर घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातून बाळ येशू ठेवायचा, हा क्षण मुलं वर्षभर लक्षात ठेवतात. राजांनाही घाई नको. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेवा आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा. त्यांचा सण 6 जानेवारीचा. भारतातल्या बहुतेक चर्चमध्ये तो जवळच्या रविवारी होतो, पण गोव्यात रेइश मागूश, कांसावली आणि चांदर इथे 6 तारखेलाच राजांच्या वेशातली तीन मुलं घोड्यावरून निघतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात हे राजे, म्हणजे ज्ञानी लोक, किती होते ते सांगितलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तिघे झाले.

झाड आणि लाल पानं

नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो बहुधा अरोकेरिया, पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटाकडचा. घरात छताला टेकतो म्हणून त्याचा शेंडा छाटणं ही कायमची चूक आहे. तो नवा सरळ शेंडा सहसा धरत नाही. खालच्या फांद्या एकदा वाळल्या की तिथे पुन्हा फुटत नाहीत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका आणि वजनदार शोभेच्या वस्तू खोडाजवळ अडकवा. सुरूची फांदी आणणार असाल तर ती 22 नंतर आणा आणि ओल्या वाळूत रोवा. किनाऱ्यावरच्या बनातून मात्र तोडू नका, ती बनं वारा आणि वाळू अडवण्यासाठी लावलेली आहेत.

पॉइन्सेटिया विकत आणला तेव्हा लाल होता, पुढच्या वर्षी हिरवाच राहिला, अशी तक्रार घेऊन लोक नर्सरीत येतात. त्याची लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच. ती लाल व्हायला ऑक्टोबरपासून कित्येक आठवडे रोज बारा-चौदा तासांचा सलग अंधार लागतो. कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्री ट्यूब जळणाऱ्या गॅलरीत असेल तर तो अंधार मिळतच नाही. खत बदलण्याआधी कुंडीची जागा बदला.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चक्रातली गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची. ती सरसकट चौथ्याला पेटवली जाते, तेवढं टाळा.

उतरवताना

नाताळचा काळ 25ला सुरू होतो, संपत नाही. राजांच्या सणानंतर प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तो चालतो. तोवर गोठा राहू द्या, फक्त सुकलेलं गवत काढा. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका. वसईच्या पावसाळ्यात शाई रंगाला चिकटते. जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि खोका जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवा. टवका उडालेला असेल तर तो आत्ताच फेव्हिकॉल आणि प्लास्टरने भरा, म्हणजे रंग द्यायला वर्षभर मिळतं. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, पिन बाहेर ठेवा आणि उरलेले एलईडी पुडीत घालून त्याच पुठ्ठ्याला चिकटवा. कोणती रांग बंद होती, तेही त्यावर लिहून ठेवा.