सोलापुरी तिखटातले फ्राईज, सोबत चीज सॉस

फ्राईजचा निम्मा निकाल मंडईतच लागतो. आमच्या सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत बटाट्याचे दोन ढीग दिसतात. एक पातळ सालीचा, नखाने खरवडला तरी सोलला जाणारा नवा बटाटा. दुसरा जाड सालीचा, मातकट, हातात जड लागणारा जुना. रस्सा करायचा तर पहिला घ्या, फ्राईजला दुसराच. नव्यात पाणी फार, कितीही तळा, दोन मिनिटांत मान टाकतो. 'चिप्सोना' जात मिळाली तर सोन्याहून पिवळं. ती मुळात चिप्ससाठीच तयार केलेली आहे. पण जातीचं नाव विचारलं की भाजीवाला म्हणतो, "मावशी, बटाटा तो बटाटा, घ्या की!"

कोल्ड स्टोरेजमधून नुकताच निघालेला माल मात्र फसवतो. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तेलात पडल्या पडल्या ती करपते. वरून तपकिरी, आत कच्चा. असा माल पदरात पडलाच तर आठ-दहा दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात, उघड्या टोपलीत राहू द्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे पुन्हा साखरच वाढते.

माझी मेस आहे, त्यामुळे माझी मापं मोठ्या पातेल्याची. घरच्या चौघांसाठी सांगते: एक किलो लांबट बटाटे. करंगळीएवढ्या जाडीचे तुकडे कापा, सगळे सारखे. पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घालून उकळी आणा, त्यात तुकडे सात-आठ मिनिटं शिजवा. व्हिनेगर चवीसाठी नसतं. आंबटपणामुळे तुकडा शिजतो पण मोडत नाही. मग झाऱ्याने अलगद काढून टॉवेलवर पसरा. टेरी टॉवेल आपल्या गावचाच, पाणी छान पितो. पंख्याखाली पूर्ण कोरडे होऊ द्या. ओला तुकडा कढईत गेला तर तेल अंगावर उडेल.

तळायचं दोनदा. पहिल्यांदा मध्यम आचेवर, साधारण 160 अंशाला, चार मिनिटं. रंग येता कामा नये. काढून अर्धा तास गार होऊ द्या. हवे तर इथेच डब्यात भरून फ्रीजरला टाका, पुढच्या रविवारी कामाला येतील. दुसऱ्यांदा आच वाढवून, 190 च्या आसपास, सोनेरी होईस्तोवर. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाकून बघा: पहिल्या तेलात बारीक बुडबुडे संथ येतात, दुसऱ्यात तुकडा लगेच वर उसळून चुरचुरायला लागतो. घाण्याचं शेंगतेल जेवणात घ्या, तळणीला रिफाइंड वापरा. घाण्याचं तेल एवढ्या आचेला धूर सोडतं आणि फेसाळतं.

आता मसाला. दोन छोटे चमचे ब्याडगी मिरचीची पूड रंगासाठी, एक चमचा झणझणीत लाल तिखट, एकेक चमचा लसूण पूड, कांदा पूड आणि पिठीसाखर, अर्धा-अर्धा चमचा मिरी, आमचूर, भाजलेलं जिरं आणि काळं मीठ, वर साधं मीठ एक चमचा. सगळं एकत्र फिरवून पिठाच्या चाळणीने चाळा. जाडसर राहिलं तर फ्राईजला चिकटत नाही. लसूण पूड विकत कशाला आणायची? सोलापूरचं ऊन मे महिन्यात 42-43 ला जातं. लसणाच्या पातळ चकत्या गच्चीवर कापडाखाली ठेवा, दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात. वळवाचं ढग दिसलं की आधी गच्ची गाठा.

मसाला लावायची वेळ चुकवू नका. कढईतून काढलेले फ्राईज चाळणीत क्षणभर निथळले की लगेच मोठ्या पातेल्यात टाका, तीन चिमटी मसाला भुरभुरा, पातेलं दोन्ही हातांनी धरून वर उडवा. परत मसाला, परत उडवा. अंगावर तेलाचा ओलावा असतो तोवरच तिखट धरतं. थोडा वेळ गेला की तो विरतो आणि सगळा मसाला तळाशी बसतो. झाकण तर अजिबात ठेवू नका.

सॉस आधीच करून ठेवा. एक मोठा चमचा लोणी, तेवढाच मैदा, मंद आचेवर कच्चा वास जाईस्तोवर परता. रंग बदलू देऊ नका. एक मोठा कप दूध थोडं थोडं घालत घोटा. चमच्याच्या पाठीवर थर बसला की गॅस बंद. गॅस बंद म्हणजे बंदच. मग चार क्यूब प्रोसेस्ड चीज किसून घाला. उकळत्या दुधात चीज घातलं की तूप वेगळं आणि चोथा वेगळा. भारी जुनं चेडार आणायची हौस करू नका. प्रोसेस्ड चीजमध्ये स्निग्धांश फुटू न देणारे क्षार असतात, म्हणून ते गुळगुळीत वितळतं. मोझरेला तर नकोच, तारा सुटतात. मीठ चीजमध्ये असतंच, वर घालू नका. घट्ट झाला तर गरम दूध घालून घोटा आणि वाटी गरम पाण्यात उभी ठेवा.

आणि आपली शेंगाचटणी! ती मसाल्यात वाटू नका, कुटताना सुटलेल्या तेलाने मसाल्याच्या गोळ्या होतात. फ्राईज, त्यावर सॉसची धार, आणि सगळ्यात शेवटी चटणी बोटांनी मोकळी करून. चीजचा गुळमटपणा लगेच मोडतो. सॉस वर ओतायचा तर खाणारे ताटावर बसलेले हवेत. पोरं मोबाईलमध्ये असतील तर वाटी बाजूला द्या.

उरलेला सॉस सकाळी दुधाचा हबका मारून गरम करा आणि कडक भाकरीच्या तुकड्यांवर घ्या. भाकरी मात्र खरोखर कडक हवी, ताजी मऊ चालत नाही.