डीएनडीत हाउस रूल लावताय? आधी बघा कोणाचं कॅरेक्टर मार खातंय

डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकून खेळायचा रोल-प्ले गेम) फिफ्थ एडिशन खेळायला लागलं की दोन-चार सेशनमध्ये कोणीतरी म्हणतंच, हा रूल बोअर आहे, आपण आपला हाउस रूल बनवू. बनवा की. फक्त प्रत्येक वेळी एवढं विचारा की याने कुठल्या क्लासचं (फायटर, विझर्ड असा कॅरेक्टरचा प्रकार) फावतंय आणि कोणाची खास पॉवर फुकट जातेय, कारण राक्षस जड गेला तर डीएम (खेळ चालवणारा) पडद्यामागे सांभाळून घेतो, पण एक प्लेअर दुसऱ्यापुढे कायमचा फिका पडला तर तो हळूहळू यायचंच बंद करतो. (खालचं सगळं २०१४ च्या रूल्सवरून आहे.)

सुरुवात स्टॅट्सपासून, म्हणजे कॅरेक्टरची ताकद, चपळाई वगैरेचे सहा आकडे. चार सहा-बाजूंचे डाइस टाकून सगळ्यात लहान सोडायचा, याची सरासरी येते १२.२४. स्टँडर्ड अॅरे (रोल न करता घ्यायचे ठरलेले आकडे) १५, १४, १३, १२, १०, ८ म्हणजे सरासरी १२, आणि पॉइंट बायमध्ये (पॉइंट मोजून आकडे विकत घ्यायचे) तोच अॅरे बरोबर २७ पॉइंटला बसतो. म्हणजे सरासरीत फार फरक नाहीये, घोळ आहे तो एकाला १८ आणि १७ पडतात अन् शेजारच्याचा सगळ्यात मोठा आकडा १३, त्याचा. रोल करायची मजा हवीच असेल तर सगळ्यांनी रोल करा आणि त्यातला कुठलाही एक सेट कोणीही घ्यावा. भांडण संपलं.

आता फंबल. हल्ला करताना डी२० वर (वीस बाजूंचा डाइस) १ आला की तलवार हातातून निसटते, नाहीतर मित्रालाच लागते, हा रूल सगळ्यांना जाम आवडतो आणि माझ्या मते हाच सगळ्यात वाईट. हिशोब बघा: एका हल्ल्याला १ यायचा चान्स ५ टक्के. पाचव्या लेव्हलचा फायटर दोन हल्ले करतो, म्हणजे दर टर्नला जवळपास १० टक्के, अकराव्या लेव्हलला तीन हल्ले म्हणजे १४ च्या वर, विसाव्याला चार म्हणजे साडेअठरा. म्हणजे जेवढा मोठा योद्धा तेवढा जास्त धडपडणार?? आणि विझर्ड फायरबॉल टाकतो तेव्हा तो रोलच करत नाही, सेव्हिंग थ्रो (बचावाचे रोल) समोरच्यांनी करायचे, त्यामुळे त्याचं काहीच बिघडत नाही. ठेवायचाच असेल तर टर्नमधल्या फक्त पहिल्या हल्ल्याला ठेवा आणि परिणाम निव्वळ गमतीचा, डॅमेज नको.

क्रिटला (डी२० वर २० आला की डॅमेजचे डाइस दुप्पट) अर्धे डाइस पूर्ण मॅक्स धरायचे आणि उरलेले रोल करायचे, हाही लोकप्रिय. प्लेअर खूश होतात, पण तोच रूल गॉब्लिनलाही लागतो ना. त्याचा नेहमीचा डॅमेज १डी६+२ (एक सहा-बाजूंचा डाइस अधिक २), या रूलने क्रिटला कमीत कमी ९. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे एचपी (जीव किती उरलाय तो आकडा) साधारण ८. झालं, आडवा. निदान तिसऱ्या लेव्हलपर्यंत थांबा.

फ्लँकिंग डीएम्स गाइडमध्ये ऑप्शनल म्हणून दिलंय, शत्रूच्या दोन विरुद्ध बाजूंना दोघं उभे राहिले की अॅडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा घ्यायचा). हल्ला लागायला डाइसवर ११ पाहिजे असेल तर ५० टक्क्यांचे थेट ७५. मग बार्बेरियनने अॅडव्हांटेजसाठी रेकलेस अटॅक करून उलट शत्रूंनाही स्वतःवर अॅडव्हांटेज का द्यावा? त्यापेक्षा हल्ल्याच्या रोलला सरळ +२ द्या, पोझिशनची किंमतही राहते.

पोशन बोनस अॅक्शनमध्ये (टर्नमधली छोटी जादा कृती) प्यायचं बिनधास्त चालू करा, २०२४ च्या पुस्तकात तर तो अधिकृत रूलच झालाय.

रेस्टचा (शॉर्ट किंवा लाँग आराम, ज्यात खर्चलेल्या पॉवर परत मिळतात) विषय मात्र जरा डोकं लावून. २०१४ चं गाइड दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण एन्काउंटर (मारामाऱ्या) धरून चालतं, आपल्या रविवारच्या तीन तासांत होतात एक किंवा दोन, मग विझर्ड सगळे स्पेल एकाच मारामारीत ओततो आणि वॉरलॉक, मंक बिचारे शॉर्ट रेस्टवर जगणारे, ते बघत बसतात. लाँग रेस्ट फक्त गावात किंवा सुरक्षित जागी असं केलं तरी बराच फरक पडतो. गाइडमधला आठ तासांचा शॉर्ट आणि सात दिवसांचा लाँग रेस्ट घेणार असाल तर मेज आर्मरसारखे (जादूचं चिलखत) आठ तासांचे स्पेल आपोआप कमजोर होतात, त्यांचा वेळ वाढवून द्या.

नवीन रूल एका वेळी एकच आणा, ग्रुपवर लिहून पिन करा, तीन सेशन ट्रायल ठेवा. मारामारी चालू असताना मध्येच रूल बदलायचा नाही, तेव्हा जे ठरलंय तेच. आणि कोणी एखाद्या रूलच्या भरवशावर फीट (कॅरेक्टरचं निवडलेलं खास कसब) घेतला असेल आणि तुम्ही तो रूल काढताय, तर त्याला फीट फुकटात बदलू द्या, एक्सपी-बिक्सपी कापू नका.