अरॅबिडॉप्सिसच्या बियांचा साठा कसा सांभाळावा: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

विद्यापीठातील वनस्पती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी काही वर्षे काम करतात आणि पदवी घेऊन पुढे जातात. त्यांनी जमवलेल्या बिया मात्र तिथेच राहतात आणि पुढच्या विद्यार्थ्याचे संशोधन त्यांच्यावर उभे राहते. म्हणून नव्याने रुजू झालेल्याने सर्वांत आधी बिया हाताळायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून तपासण्याची पद्धत) सावकाशीने शिकता येईल, पण एकमेकींत मिसळलेल्या बिया नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत.

अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातील छोटी वनस्पती आहे. बीपासून बीपर्यंतचा तिचा प्रवास साधारण सहा ते आठ आठवड्यांत पुरा होतो, तिचा संपूर्ण जनुकसंच 2000 साली प्रसिद्ध झाला आणि तिचे परागण मुख्यतः स्वतःच्याच फुलात होते, त्यामुळे वाण शुद्ध राखणे तत्त्वतः सोपे असते. अडचण येते ती बियांच्या आकारामुळे. बी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते आणि तिचे वजन सुमारे 20 मायक्रोग्रॅम भरते. साध्या श्वासानेही ती उडते, आणि हवा कोरडी असली की स्थिर विद्युतभारामुळे प्लास्टिकला चिकटून बसते. म्हणून एका वेळी एकच कुपी उघडावी आणि ती बंद करून, टेबलावरचा कागद बदलूनच दुसरीला हात लावावा.

पेरण्यापूर्वी बिया 70 टक्के इथेनॉलमध्ये काही मिनिटे निर्जंतुक करून लॅमिनार हूडमध्ये (गाळलेल्या, जंतुविरहित हवेच्या कपाटात) वाळवाव्यात आणि निम्म्या तीव्रतेच्या एमएस (मुराशिगे-स्कूग) या पोषक माध्यमावर पसराव्यात. त्यानंतर प्लेट दोन ते चार दिवस 4 अंश सेल्सिअसला अंधारात ठेवावी. या थंडीमुळे बियांची सुप्तावस्था मोडते आणि त्या जवळपास एकाच वेळी रुजतात. ही पायरी गाळली तर मुळांच्या लांबीतील फरक जनुकामुळे पडला की उगवण मागेपुढे झाल्यामुळे, हे सांगता येत नाही. पुढे सुमारे 22 अंश तापमान आणि 16 तास प्रकाश पुरतो.

तुलनेसाठी घेतलेल्या कोलंबिया-0 या मूळ वाणाच्या बिया आणि उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) बिया, दोन्ही एकाच वेळी, एकाच ग्रोथ चेंबरमध्ये वाढलेल्या झाडांवरून काढलेल्या असाव्यात. आईझाडाला मिळालेले तापमान आणि प्रकाश बियांच्या उगवणीवर परिणाम करतात, आणि बियांचे वयही करते. जुन्या कुपीतील कोलंबिया आणि नुकतेच काढलेले उत्परिवर्ती वाण शेजारी शेजारी पेरून काढलेला निष्कर्ष मला मान्य होत नाही, मग आलेख कितीही सुंदर असो.

कुपीवर ‘होमोझायगस’ (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्याच असलेले) लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये. टी-डीएनए, म्हणजे जिवाणूच्या मदतीने झाडाच्या जनुकसंचात घातलेला आणि बहुधा प्रतिजैविकाला प्रतिकार देणारा डीएनएचा तुकडा, शिरलेल्या वाणांत प्रतिजैविकाच्या प्लेटवर निवड करून अंदाज घेता येतो: टी-डीएनए एकाच जागी असेल, तर हेटेरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीत टी-डीएनए असलेल्या) झाडाच्या संततीत तग धरणारी आणि मरणारी रोपे 3:1 या प्रमाणात दिसतात. मात्र अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संग्रहातील टी-डीएनए वाणांत कॅनामायसिन या प्रतिजैविकाचा प्रतिकार पुष्कळदा मूक झालेला (जनुक असूनही तो दिसत नसलेला) आढळतो, म्हणून पानाचा लहान तुकडा घेऊन पीसीआरनेच खात्री करून घ्यावी.

शेंगा पिवळ्या-तपकिरी पडू लागल्या की पाणी थांबवावे. झाड पूर्ण वाळल्यावर शेंगा हलक्या हाताने चोळून बारीक चाळणीतून बिया गाळाव्यात, आठवडा-दोन आठवडे कोरड्या जागी सुकू द्याव्यात आणि सिलिका जेलसह थंड, कोरड्या ठिकाणी ठेवाव्यात. कुपीवर जनुक, वाण, पिढी, आईझाडाचा क्रमांक, काढणीची तारीख आणि आपले नाव लिहावे. चिठ्ठी कुंडीवरची असो वा कुपीवरची, मजकूर पेन्सिलीने लिहावा, कारण पेनची बरीच शाई इथेनॉलचा थेंब पडताच फिसकटते. हाच मजकूर प्रयोगशाळेच्या सामायिक नोंदवहीतही जायला हवा.

प्रयोगशाळा सोडणाऱ्याने जाण्याआधी उत्तराधिकाऱ्यासोबत बसून प्रत्येक कुपी नोंदीशी ताडून पाहावी आणि प्रत्येक महत्त्वाच्या वाणाच्या काही बिया रुजवून त्या जिवंत असल्याची खात्री करून द्यावी. शोधनिबंधात वापरलेले वाण ओहायो राज्य विद्यापीठातील किंवा नॉटिंगहॅममधील बीजसंग्रहाकडे पाठवावे, म्हणजे इतरांनाही ते मागवता येते. जनुकांतरित (बाहेरचे जनुक घातलेल्या) बिया टाकून द्यायच्या असतील, तर त्या 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय कचऱ्यात जाता कामा नयेत.